कोरेमची दृश्यं कुणी टिपली?

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत इथिओपियातल्या १९८४च्या दुष्काळावरचा लेख वाचला. बीबीसीचे मायकेल बर्क यांच्या वार्तांकनाचं त्यात मनापासून कौतुक आहे, गायक बॉब गेल्डॉफ आहेत, दुष्काळग्रस्तांसाठी झालेली ‘लाइव्ह एड’ ही संगीत मैफल आहे. पण ज्याने उत्तर इथिओपियातल्या कोरेम गावातली ती दृश्यं चित्रित केली, त्याचं नाव अख्ख्या लेखात कुठेच नाही. माझी सगळी नोकरी न्यूज कॅमेरामन म्हणून झाली, त्यामुळे ही उणीव मला फार लागली. त्या माणसाचं नाव मोहम्मद अमीन. केनियात सगळे त्यांना ‘मो’ म्हणत.

अमीन यांचे वडील पंजाबातून पूर्व आफ्रिकेत रेल्वेच्या कामासाठी गेले होते. मोहम्मद जन्मले १९४३मध्ये, नैरोबीच्या ईस्टली वस्तीत. पुढे कुटुंब टांगानिकात (आजच्या टांझानियात), दार-ए-सलामला गेलं आणि तिथे शाळकरी वयातच हातात एक साधा बॉक्स कॅमेरा आला. विशीत त्यांनी ‘कॅमेरापिक्स’ ही स्वतःची संस्था काढली. ते साल होतं १९६३. पुढच्याच वर्षी झांझिबारमध्ये क्रांती झाली आणि तिची दृश्यं त्यांनी जगाला पुरवली. त्याच झांझिबारच्या तुरुंगात १९६६मध्ये त्यांनी जवळपास महिनाभर छळ सोसला. दुसरा कुणी असता तर सुटल्यावर फोटो स्टुडिओ टाकून स्वस्थ बसला असता. ५ जुलै १९६९ रोजी नैरोबीत भर रस्त्यावर टॉम म्बोया या मंत्र्यांना गोळ्या घातल्या गेल्या, तेव्हा काही मिनिटांत अमीन तिथे पोचले होते. युगांडाचे पदच्युत हुकूमशहा इदी अमीन यांना बीबीसीचे ब्रायन बॅरन यांनी १९८०मध्ये सौदी अरेबियात गाठलं, तेव्हाही कॅमेऱ्यामागे मोहम्मद अमीनच होते. त्या मुलाखतीबरोबरही सहसा नाव घेतलं जातं ते बॅरन यांचंच.

आता कोरेमबद्दल. इथिओपियाच्या उत्तर भागात दुष्काळ आणि यादवी युद्ध एकत्र आलं होतं. लष्करी हुकूमशहा मेंगिस्तूंची राजवट क्रांतीच्या दहाव्या वर्धापनदिनाच्या सोहळ्यात गुंतलेली, आणि पत्रकारांना तिकडे फिरकू दिलं जात नव्हतं. तिथे जाण्याची परवानगी मिळवायला अमीन यांच्या ओळखी आणि चिकाटी कामी आली. व्हिसन्यूज वृत्तसंस्थेचं आफ्रिकेतलं काम ते पाहत. अदिस अबाबात कुणाशी बोलायचं आणि कुठे नुसतं बसून राहायचं, हे त्यांना ठाऊक होतं. आमच्या धंद्यात निम्मं काम हेच असतं. कॅमेरा सुरू होतो तो त्यानंतर.

२३ ऑक्टोबर १९८४ला बीबीसीवर दाखवलेला तो वृत्तान्त मी अनेकदा पाहिला आहे, कामावर आलेल्या नव्या मुलांना दाखवलाही आहे. पहाटेचा मंद उजेड, माळरानावर घोंगड्यांत गुरफटून बसलेली हजारो माणसं, आणि कॅमेरा शांतपणे त्यांच्यावरून फिरतो. कुठे घाई नाही. आई आणि तिचं दोन महिन्यांचं बाळ एकाच कापडात गुंडाळून ठेवलेलं आहे, तो शॉट पाहा. असं काही समोर असलं की हात आपोआप झूमकडे जातो, नाहीतर नजर वळते आणि फ्रेम हलते. इथे फ्रेम स्थिर आहे. जवळच्या मेकेले शहरातल्या रेड क्रॉस केंद्रात परिचारिका क्लेअर बर्टशिंगर यांना हजारो मुलांतून मोजकीच निवडावी लागत होती, कारण सगळ्यांना पुरेल इतकं अन्नच नव्हतं. तिथे अमीन यांचा कॅमेरा मुलांच्या चेहऱ्यावर थांबतो आणि बघणाऱ्याला पळायला जागा ठेवत नाही. बर्क यांचे शब्द उत्तमच आहेत, त्यांचं श्रेय मला जराही कमी करायचं नाही. पण त्यांनी तोंड मिटून घेतलं असतं तरी ही दृश्यं बोललीच असती.

जगभरातल्या ४२५ प्रसारण संस्थांनी ती दाखवली. गेल्डॉफ यांनी ती लंडनमध्ये पाहिली आणि त्यातूनच पुढे १३ जुलै १९८५चा ‘लाइव्ह एड’ उभा राहिला.

जून १९९१मध्ये अदिस अबाबातला दारूगोळ्याचा साठा उडाला, त्याचं चित्रण करताना अमीन यांचा एक हात गेला. त्यांचे ध्वनिमुद्रक जॉन मथाई तिथेच मारले गेले. मथाईंचं नाव तर अमीन यांच्याहूनही क्वचित ऐकू येतं. ध्वनिमुद्रक कॅमेरामनच्या शेजारीच उभा असतो, कॅमेऱ्याला लागतो तो धोका त्यालाही लागतो. खांद्यावरचा कॅमेरा चालवायला दोन्ही हात लागतात, एक पट्ट्यात आणि दुसरा लेन्सच्या कड्यावर. अमीन यांनी कृत्रिम हात बसवून घेतला आणि पुन्हा काम सुरू केलं. हे किती अवघड असेल, याचा अंदाज ज्याने ते वजन उचललं आहे त्यालाच येईल.

२३ नोव्हेंबर १९९६ रोजी अदिस अबाबाहून नैरोबीला निघालेलं इथिओपियन एअरलाइन्सचं विमान तिघांनी पळवलं. त्यांना ऑस्ट्रेलियाला जायचं होतं. इंधन तेवढं नाही, असं वैमानिक लेउल अबाते सांगत राहिले, अपहरणकर्त्यांनी ऐकलं नाही. विमान कोमोरोस बेटांजवळ समुद्रात आदळलं. १७५ जणांपैकी १२५ जण गेले, त्यांत अमीन आणि त्यांचे सहकारी ब्रायन टेटली होते. शेवटच्या क्षणी अमीन आपल्या जागेवर बसलेले नव्हते, ते उभे राहून अपहरणकर्त्यांशी बोलत होते, असं वाचलेल्यांनी सांगितलं. वय ५३.

वार्ताहराचा चेहरा आणि आवाज लोकांच्या लक्षात राहतो, हे मी समजू शकतो. पण छापील वृत्तपत्राला चौकटीत एक ओळ देणं अवघड नाही. माझी स्वतःची कितीतरी दृश्यं बिननावाने गेली, त्याचं दुःख आता मावळलं आहे. अमीन यांच्या बाबतीत ते मावळू देण्याची माझी तयारी नाही. ज्या खंडाची ती वेदना होती, त्याच खंडातल्या माणसाने ती टिपली, आणि आपण मात्र परदेशी नावं तेवढी पाठ केली.

आपल्याला दोन विनंत्या आहेत. त्या लेखाची पुरवणी म्हणून मोहम्मद अमीन यांच्या नावाचा खुलासा छापावा. आणि २३ नोव्हेंबरच्या सुमारास त्यांच्या कामावर स्वतंत्र लेख द्यावा. ‘कॅमेरापिक्स’ नैरोबीत त्यांचे पुत्र सलीम अमीन चालवतात, वडिलांचा छायाचित्रांचा संग्रह त्यांनी जपला आहे. आपल्या छायाचित्र विभागाने त्यांच्याशी पत्रव्यवहार करावा.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त न्यूज कॅमेरामन