विस्तार आयुक्तांना खुले पत्र : तारीख तर अजून बाकी होती

मा. मार्ता कोस,
विस्तार आयुक्त, युरोपीय संघ, ब्रुसेल्स

स. न. वि. वि.

तुमच्या 24 अधिकृत भाषांत मराठी नाही, तरी मराठीतच लिहिते. मॅसेडोनियनमध्ये लिहिलं तर तुमचाच एक सदस्य देश म्हणणार, ही भाषाच नव्हे, बल्गेरियनची बोली!

मी माहेरची बेळगावची, आता उत्तर मॅसेडोनियातल्या बिटोलाची सून. परवा 78 वर्षांच्या सासूबाईंना मोतीबिंदू दाखवायला सीमेपलीकडे ग्रीसमधल्या थेस्सलोनिकीला निघालो. नवऱ्यानं गाडीच्या पाटीवर 'एनएमके'चं, म्हणजे देशाच्या नव्या नावाच्या लघुरूपाचं स्टिकर आठवणीनं लावलं होतं. चौकीवर सासूबाईंचा पासपोर्ट परत आला. आत मुदत 2027 ची, पण वर देशाचं जुनं, 'उत्तर' नसलेलं नाव. असे पासपोर्ट फेब्रुवारी 2024 मध्येच बाद झालेत. चूक आमची, कबूल. चौकीवरचा पोरगा बिचारा नम्र होता, त्यानं म्हातारीला खुर्ची दिली, पाणी दिलं. तेच जास्त लागलं. परतताना गाडीत त्या एवढंच म्हणाल्या, "तारीख तर अजून बाकी होती."

बाई, या देशाला तुम्ही 2005 साली संघाच्या सदस्यत्वाचा उमेदवार म्हटलंत. त्याआधी 1995 मध्ये ग्रीसच्या हट्टासाठी झेंडा बदलून झाला होता. मग ग्रीसचाच म्हणून विमानतळाच्या नावातून सिकंदर उतरवला, 2019 मध्ये नावाला 'उत्तर' जोडलं. त्याच वर्षी फ्रान्स म्हणाला, आत्ता नको. 2020 मध्ये बल्गेरिया उठला: भाषा आमची, इतिहास आमचा. आता राज्यघटनेत बल्गेरियन लोकांचा उल्लेख हवा. 2021 च्या जनगणनेत ते भरले साडेतीन हजार, अठरा लाखांत. घाला की, माझं काय जातं! पण त्यानंतर आणखी कुणी काही मागणार नाही, हे लिहून कोण देणार? तुम्ही? आमच्याच दोरीला बांधलेला, आमच्याबरोबरच दाराशी उभा असलेला अल्बेनिया ऑक्टोबर 2024 मध्ये वाटाघाटींत पुढे गेलासुद्धा.

संघात यायच्या कोपनहेगनच्या 1993 च्या अटी ठीक आहेत. इथली कोर्टं तपासा, लाचखोरी तपासा, कान धरा. मीच पहिली टाळी वाजवीन. पण 'चांगले शेजारसंबंध' ही परीक्षा नेहमी बाहेर उभ्या असलेल्यानंच का द्यायची? तुमच्या स्लोव्हेनियानंही समुद्राच्या एका तुकड्यासाठी क्रोएशियाला जवळजवळ वर्षभर ताटकळत ठेवलं होतं, विसरलात? 27 जावांचं एकत्र कुटुंब तुमचं. एकीनं तोंड वाकडं केलं की नव्या सुनेनं उंबऱ्याबाहेर उभं राहायचं, माप ओलांडायचं नाही. वीस वर्षं! तांदूळसुद्धा किडले असतील मापातले.

नावाचं, भाषेचं भांडण मला नवं नाही हो. बेळगावचं 2014 साली बेळगावी झालं, अजून धुमसतंय. पण तिथून कोल्हापूरला डोळे दाखवायला जाताना कुणी पासपोर्ट मागत नाही.

मागणी एकच, खरं तर. शेजाऱ्यांना काय हवं ते एकदाच कागदावर घ्या आणि खाली रेघ मारा.

सासूबाईंच्या नव्या पासपोर्टचा अर्ज दिलाय. डोळ्यांची पुढची तारीख महिन्याभरानं आहे. जुना पासपोर्ट त्या टाकू देत नाहीत.

आपली,
बिटोलाची एक सून