सुटीतले वाचन पुस्तकांच्या संख्येत मोजू नये

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

उन्हाळ्याची सुटी जवळ आली की सार्वजनिक ग्रंथालयांच्या बालवाचन उपक्रमांच्या बातम्या येऊ लागतात. त्यांचा साचा ठरलेला असतो: इतक्या मुलांनी नावे नोंदवली, सर्वाधिक पुस्तके वाचणाऱ्याला मान्यवरांच्या हस्ते बक्षीस मिळाले. नऊ-दहा वर्षांच्या मुलांना हे एक वेळ चालेल. तीन ते सात या वयात मात्र ही मोजणीच उपक्रमाच्या मुळावर येते. बालविभागात काम करणाऱ्यांचा अनुभव म्हणून त्याविषयी थोडे तपशिलाने लिहितो.

पुस्तके मोजायला घेतली की सर्वांत पातळ पुस्तके आधी संपतात. ती मुलाने नाही, पालकाने निवडलेली असतात. शिवाय मुलाला कालचेच पुस्तक आज पुन्हा हवे असते आणि उपक्रमाच्या नोंदीच्या तक्त्यात ते धरले जात नाही. खरे तर या वयात तेच पुस्तक पुन्हा पुन्हा ऐकण्यात मोठा लाभ आहे. पहिल्या वेळी मूल गोष्ट कुठे चालली आहे एवढेच पाहते. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी नवे शब्द कानात बसतात, पुढे ते ओळी स्वतःच म्हणू लागते आणि मग छापलेल्या अक्षरांवर बोट ठेवते. ज्याला अजून वाचता येत नाही अशा मुलाच्या नावापुढे 'वाचलेली पुस्तके' हा रकाना ठेवणे मुळातच विचित्र आहे. ऐकणे हेच त्याचे वाचन, आणि नोंद त्याचीच हवी.

म्हणून तक्ता दिवसांचा असावा. एका जाड कागदावर ३० ते ४० घरांत (चौकटींत) विभागलेले चित्र काढावे: झाड, आगगाडी, मासोळी, काहीही. घरात कुणीतरी मुलाला १५ मिनिटे वाचून दाखवले, किंवा मुलाने स्वतः पुस्तक चाळले, की एक घर रंगवायचे. पुस्तकाचे नाव लिहायची सक्ती नको, सारांश तर मुळीच नको. घरे सुटीच्या दिवसांपेक्षा कमीच ठेवावीत. ५० दिवसांच्या सुटीत ५० घरे दिली तर चार दिवस चुकताच घरातला उत्साह मावळतो. मग शेवटच्या रात्री सगळी घरे एकाच रंगाने, एकाच मोठ्या हाताने भरलेली परत येतात. असा तक्ता ग्रंथपालाला लांबूनच ओळखू येतो. ब्रिटनमध्ये १९९९पासून चालणाऱ्या सुटीतील वाचनाच्या उपक्रमात मोठ्या मुलांसाठीसुद्धा उद्दिष्ट होते फक्त सहा पुस्तकांचे, आणि तीही मुलाच्या पसंतीची. सर्वांना गाठता येईल असा आकडा ठेवला की शर्यत उरत नाही.

बक्षिसाबाबत तर जुना आणि चांगला पुरावा आहे. लेपर, ग्रीन आणि निस्बेट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९७३ साली बालवाडीतल्या, चित्रे काढायची आवड असलेल्या मुलांवर प्रयोग केला. चित्र काढले तर प्रशस्तिपत्र मिळेल असे ज्यांना आधी सांगितले होते, ती मुले पुढे मोकळ्या वेळात इतरांपेक्षा कमी चित्रे काढताना दिसली. ज्यांना काही न सांगता, अचानक प्रशस्तिपत्र दिले, त्यांच्या आवडीत तशी घट झाली नाही. वाचनाच्या उपक्रमाने यातून घ्यायची गोष्ट सोपी आहे. काही द्यायचेच असेल तर नोंदणीच्या दिवशीच प्रत्येकाला एक पुस्तक घरी ठेवायला द्यावे, आणि ते मुलाला निवडू द्यावे. फ्लोरिडातल्या गरीब वस्त्यांतील शाळांत अ‍ॅलिंग्टन आणि मॅकगिल-फ्रान्झेन यांनी केलेला अभ्यास २०१०मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पहिली-दुसरीपासूनच्या मुलांना तीन वर्षे दर उन्हाळी सुटीआधी १२ पुस्तके स्वतः निवडून घरी नेऊ दिली होती. तीन सुट्यांनंतर त्यांची वाचनक्षमता पुस्तके न मिळालेल्या मुलांच्या पुढे होती. समारोपाला पदके आणि ढाली यांवर जो खर्च होतो, तो याकडे वळवणे प्रत्येक कार्यकारिणीच्या हातात आहे.

आता ग्रंथालयातल्या गोष्टीच्या तासाविषयी. उपक्रम इथेच रंगतो किंवा फसतो, आणि फसण्याची कारणे फार साधी असतात. तीन ते पाच वर्षांची मुले असतील तर 'तास' २५ ते ३० मिनिटांचा आणि मुले १२ ते १५, सोबत प्रत्येकाचा मोठा माणूस. चाळीस मुले सतरंजीवर बसवली की मागच्या दोन रांगांना चित्र दिसत नाही. ज्याला चित्र दिसत नाही ते मूल दोन मिनिटांत उठते आणि त्याच्या मागोमाग बाकीची. नोंदणी जास्त झाली तर दोन तुकड्या कराव्यात, ध्वनिवर्धक लावू नये. मुलांना अर्धवर्तुळात बसवावे. खिडकी मुलांच्या पाठीशी हवी. वाचणाऱ्याच्या मागे खिडकी असेल तर उजेड मुलांच्या डोळ्यांवर येतो आणि पुस्तकाचे पान काळे दिसते.

पुस्तक खांद्याच्या उंचीवर, अंगाच्या बाजूला, पाने मुलांकडे करून धरायचे आणि वाचणाऱ्याने तिरक्या नजरेने वाचायचे. हे वाटते तितके सोपे नाही. त्यासाठी मजकूर जवळजवळ पाठ असावा लागतो. आयत्या वेळी स्वयंसेवकाच्या हाती पुस्तक दिले तर तो ते स्वतःकडे धरून वाचतो आणि चित्र दाखवायला प्रत्येक पानावर थांबतो. त्या थांब्यात गोष्ट तुटते. आदल्या दिवशी तीनदा मोठ्याने वाचून पाहिले की एवढे दोष जातात. सर्वांत लांब पुस्तक सुरुवातीला घ्यावे, लक्ष ताजे असते. मग उभे राहून, हातवारे करून म्हणायचे एखादे गाणे, आणि शेवटी छोटे, पालुपद असलेले पुस्तक. बारीक तपशिलांनी भरलेली चित्रे गटात दाखवू नयेत. ती पुस्तके मांडीवर बसवून वाचायला घरी द्यावीत. तेच पुस्तक लागोपाठ तीन आठवडे घ्यायलाही हरकत नाही: पहिल्यांदा सलग, दुसऱ्यांदा मध्ये प्रश्न विचारत आणि तिसऱ्यांदा मुलांकडूनच सांगून घेत.

प्रश्न मात्र 'हा कोणता रंग?' एवढ्यावर थांबणारे नकोत. व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ साली दोन-तीन वर्षांच्या मुलांच्या पालकांना महिनाभर वेगळ्या रीतीने वाचायला शिकवले होते. हो-नाहीऐवजी 'इथे काय चाललंय?' असे विचारायचे, मुलाने 'भू भू' म्हटले की 'हो, मोठा काळा कुत्रा पळतोय' असे त्याचेच बोलणे वाढवायचे. नेहमीसारखे वाचून दाखवलेल्या मुलांपेक्षा ही मुले बोलण्यात पुढे गेली. नोंदणीच्या दिवशी पालकांना दहा मिनिटांत हे करून दाखवता येते. छापील सूचनापत्रक बहुधा पिशवीतच राहते.

ज्या घरात मोठ्यांना वाचता येत नाही किंवा पुस्तकाची भाषा घरची नाही, ती घरे पहिल्या आठवड्यातच गळतात. त्यांच्यासाठी शब्दविरहित चित्रपुस्तके वेगळी काढून ठेवावीत. आजीने आपल्या बोलीत गोष्ट सांगितली तरी तक्त्यावरचे घर रंगते, हे तोंडी आणि स्पष्ट सांगावे. नाहीतर ती माणसे संकोचाने येणे थांबवतात.

पुस्तकसंख्येचा हिशेबही आधी मांडावा लागतो. ६० मुले, प्रत्येकी ४ पुस्तके, म्हणजे एका वेळी २४० पुस्तके घरांत. कपाटात निवडायला तेवढीच उरायला हवीत, आणि काही दुरुस्तीत असतात. म्हणजे सुमारे ५०० चित्रपुस्तके नसतील तर मुले कमी घ्यावीत किंवा एका वेळी दोनच पुस्तके द्यावीत. चित्रपुस्तक साधारण ३२ पानांचे असते. त्याचा कणा इतका अरुंद की उभे लावल्यावर मुलाला त्यातून काहीच कळत नाही. मुखपृष्ठ समोर दिसेल अशी मांडणी करावी, वरचा कप्पा जमिनीपासून तीन फुटांच्या वर नसावा, किंवा पुस्तके उथळ खोक्यांत उभी ठेवून मुलांना ती चाळू द्यावीत. पुस्तकांवर इयत्तेच्या किंवा पातळीच्या पट्ट्या लावू नयेत. 'हे तुझ्यासाठी सोपं आहे, ठेव' हे वाक्य त्या पट्टीमुळेच पालकांच्या तोंडी येते. प्राणी, वाहने, भुते अशी चिन्हे पुरेशी आहेत.

पुस्तके फाटणार, हे गृहीत धरावे. अनेक ग्रंथालये याच भीतीने चांगली चित्रपुस्तके कुलपात ठेवतात. 'ग्रंथ उपयोगासाठी आहेत' हा ग्रंथालयशास्त्रज्ञ डॉ. रंगनाथन यांचा १९३१ सालचा पहिला नियम त्याच कपाटावर चिकटवलेला असतो. तीन वर्षांखालच्या मुलांना जाड पुठ्ठ्याची पुस्तके द्यावीत. परत आल्यावर ती सौम्य साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या आणि घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसून, उभी उघडी ठेवून वाळवावीत. फाटलेल्या पानाला साधी चिकटपट्टी लावू नये. ती काही काळाने पिवळी पडते, तिचा गोंद कडेने सुटतो आणि शेजारचे पान धरून बसतो. पुस्तकदुरुस्तीची आम्लविरहित पट्टी किंवा पातळ कागद आणि खळ वापरावी. 'घरी चिकटवू नका, तसेच आणा' असे पालकांना आधीच सांगावे, आणि या उपक्रमापुरता दंड माफ असावा. दंडाच्या धास्तीने पालक पुस्तक मुलाच्या हाती न देता उंच फळीवर ठेवतात.

उपस्थिती साधारण तिसऱ्या आठवड्यापासून घसरते, कारण कुटुंबे गावाला जातात. अशा वेळी गैरहजेरीवरून नाव काढू नये. जाण्याआधी जास्तीची पुस्तके पूर्ण सुटीभराच्या मुदतीने द्यावीत आणि मधूनच येणाऱ्यालाही नोंदवून घ्यावे. अहवालात एकूण नोंदणीखेरीज तीन आकडे हवेत: तिसऱ्या आठवड्याची उपस्थिती, बालविभागातून घरी गेलेली एकूण पुस्तके, आणि शाळा सुरू होऊन तीन महिने झाल्यावर यांपैकी किती मुलांच्या कार्डांवर अजून पुस्तके जात आहेत. शेवटचा आकडा समारंभाच्या दिवशी मिळत नसल्याने तो कुणीच काढत नाही. नोंदणीच्या वेळी कार्डावर उपक्रमाची छोटी खूण केली, तर तीन महिन्यांनी तो अर्ध्या तासात निघतो.

आपला विश्वासू,
एक बालविभाग ग्रंथपाल