वीरपत्नीला हळदीकुंकवालाही बोलवा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

जवान धारातीर्थी पडल्याची बातमी आली की सगळा गाव एका जिवाने उभा राहतो, हे सातारा जिल्ह्यात राहणाऱ्या मी अनेकदा पाहिले आहे. रातोरात चौथरा बांधला जातो, रस्ते झाडले जातात, शाळेची मुले फुले घेऊन दुतर्फा उभी राहतात. तिरंग्यात लपेटलेले पार्थिव येते, 'अमर रहे'च्या घोषणांनी घसे बसतात, बंदुकांच्या फैरी झडतात आणि घडी घातलेला तिरंगा त्याच्या पत्नीच्या हातात दिला जातो. हा निरोप मनापासून दिलेला असतो, त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही.

मला सांगायचे आहे ते त्याच घरात, त्याच दिवसांत होणाऱ्या दुसऱ्या गोष्टीबद्दल. बाहेर मंडप, पुढारी, कॅमेरे असतात आणि आत चार बायका तिला धरून बसवतात. कुंकू पुसतात, बांगड्या फोडतात, पायातली जोडवी ओढून काढतात. तिला शुद्ध असते-नसते. ज्याच्या नावाचा जयघोष अंगणात चालू असतो, त्याच्याच पत्नीचे हे आतल्या खोलीत होते आणि कुणी अडवत नाही. अडवणारी बाई मीही नव्हते म्हणा, माहेरवाशिणीला असल्या वेळी कोण विचारते! पण आता वय झाले आहे, म्हणून लिहिते.

पुढची वर्षे कशी जातात तेही जवळून पाहते आहे. 15 ऑगस्टला ग्रामपंचायतीसमोर तिला पहिल्या खुर्चीवर बसवतात, शाल-श्रीफळ देतात. सरपंच भाषणात तिचे नाव घेतात. मग संक्रांत येते. आमच्या आळीतल्या एका घरी रथसप्तमीच्या आदल्या दिवशी हळदीकुंकू होते. सासूबाईंना आग्रहाचे बोलावणे गेले, कारण सासरे हयात आहेत. सुनेला नव्हते. तिची सात-आठ वर्षांची मुलगी आजीचे बोट धरून आली, तिळगूळ घेतला आणि वाणाची वाटी हातात आल्यावर सरळ विचारती झाली, "आईची कुठंय?" ओटी भरणाऱ्या बाईचा हात थांबला. कुणीतरी मुलीच्या फ्रॉकच्या खिशात आणखी दोन लाडू घातले आणि विषय मिटवला.

नंतर मी विचारले तर उत्तर मिळाले, "बोलावलं तर तिलाच वाईट वाटेल." हे वाक्य मी इतक्या घरांत ऐकले आहे, पण तिला जाऊन विचारून आलेली एकही बाई मला भेटलेली नाही. हळदीकुंकू ठेवावे की बंद करावे, हा वाद मला इथे घालायचा नाही. जोवर ते आपण करतो आहोत, तोवर दारातून कुणाला वगळायचे हे आपणच ठरवत असतो, एवढेच माझे म्हणणे आहे. बारशाला पाळण्याची दोरी तिच्या हातात द्यायला काय हरकत आहे? भावाच्या लग्नात हळद लावायला तिला पुढे का करू नये?

याला वाट नाही असेही नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातील हेरवाडच्या ग्रामसभेने मे 2022 मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला: कुंकू पुसणे नाही, मंगळसूत्र तोडणे नाही, बांगड्या फोडणे नाही, जोडवी काढणे नाही. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितले. नियमही बदलत आले आहेत. शौर्यपदक विजेत्याच्या पत्नीने पुनर्विवाह केला तर पदकाचा भत्ता चालू राहण्यासाठी तिने दिराशीच लग्न केलेले असावे, अशी अट होती. संरक्षण मंत्रालयाने ती 2017 मध्ये काढून टाकली. दिल्लीतल्या कागदावरची अट जाते, मग उंबरठ्यावरची का जाऊ नये?

आणि आमच्याच जिल्ह्यातले उदाहरण डोळ्यांसमोर आहे. पोगरवाडीचे कर्नल संतोष महाडिक 17 नोव्हेंबर 2015 रोजी कुपवाड्यात अतिरेक्यांशी लढताना हुतात्मा झाले. त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक यांनी पुढे चेन्नईच्या प्रशिक्षण अकादमीत खडतर प्रशिक्षण पुरे केले आणि सप्टेंबर 2017 मध्ये त्या लष्करात अधिकारी झाल्या. त्यांचा सत्कार आपण सर्वांनी केला, अभिमानाने केला. पण प्रत्येकीला गणवेश चढवणे जमणार नाही. कुणी अंगणवाडीत आहे, कुणी शेती बघते, कुणी मुलाच्या शिक्षणासाठी तालुक्याला खोली घेऊन राहते. त्यांनाही ताठ मानेने गावात वावरता यायला हवे.

पेन्शन, मुलांची शिष्यवृत्ती, राहिलेली कागदपत्रे यांसाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे. 7 डिसेंबरला ध्वजदिन निधीसाठी आपण पैसे देतो, तेही द्यायलाच हवेत. मात्र कुठल्याही कार्यालयाला तिच्या कपाळाला हळदकुंकू लावता येत नाही. ते शेजारणीनेच करायचे काम आहे.

म्हणून दोन विनंत्या. पहिली गावांना: येत्या 26 जानेवारीच्या ग्रामसभेत हेरवाडसारखा ठराव मांडा, आणि आधीच झाला असेल तर तो वहीत न ठेवता वाचून दाखवा. जवानाचे पार्थिव यायच्या आधी चौथऱ्याची तयारी करतो, तशी पोलीस पाटील आणि दोन जाणत्या बायकांनी त्या घरात बसावे आणि बांगड्यांना हात लावू देऊ नये. वीरमातेने स्वतः सुनेच्या बाजूने एक शब्द काढला, तर पुढे बोलायची कुणाची हिंमत होणार नाही. मुलगा गमावलेल्या बाईकडे ही मागणी करताना मला जड जाते, तरी करते, कारण त्या घरात तिच्याच शब्दाला वजन असते.

दुसरी विनंती आपल्याला: अंत्यविधीच्या बातमीत तिचा आक्रोश करतानाचा फोटो छापू नका. तिची मुले पुढे तो फोटो बघतात. त्याऐवजी एखाद्या गावाने या प्रथा थांबवल्या असतील, तर त्या गावाचे नाव ठळक छापा.

यंदा माझ्याकडचे हळदीकुंकू संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी आहे. पहिले बोलावणे त्या सुनेला करून आले आहे. ती येते म्हणाली आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका, सातारा जिल्हा