आप्पा, प्लायवूडच्या पाठीबद्दल

मॉन्ट्रियल, ८ फेब्रुवारी

तीर्थरूप आप्पांस,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर माझ्या नव्या गिटारीबद्दल तुम्ही विचारलंत, "एवढे पैसे मोजले आणि पाठ प्लायवूडची?" तेव्हा मी कामावर निघाले होते, धड सांगता आलं नाही. दिवसभर तेच मनात घोळत राहिलं, म्हणून आज सविस्तर लिहिते.

गिटार बघायला गेले तेव्हा तुमचीच आठवण काढत होते. दुकानात भिंतभर गिटारी टांगलेल्या, सगळ्या पॉलिश करून चकचकीत, वरून काही कळायची सोय नाही. मग पोटावरच्या, म्हणजे तारांखालच्या पुढच्या फळीवरच्या, गोल भोकाची कड बघितली. एकसंध फळी असली की लाकडाची वरची रेषा कडेवर वळून तशीच खाली उतरते. प्लाय असलं की थर दिसतात. नंतर एक डोळा मिटून मानेवरून नजर टाकली, तुम्ही फळीचा बाक बघता तशी. दुकानदार माझ्याकडे बघतच राहिला. मी त्याला सांगितलं, माझे वडील सुतार आहेत.

घेतली ती सीगल एस-६. इथल्याच क्युबेक प्रांतात, अमेरिकेच्या सीमेजवळ ला पात्री नावाचं खेडं आहे, तिथली. मान मेपलची. पाठ आणि बगला जंगली चेरीच्या, तीन थर डकवून केलेल्या. पोट मात्र सीडरच्या अस्सल फळीचं. सीडर म्हणजे आपला देवदार नव्हे. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरचं वेगळंच झाड, आणि लाकूड इतकं मऊ की नखानेसुद्धा ओरखडा उठतो. तुम्ही म्हणाल, मग टिकाऊ कसली? मीही आधी सगळ्यात टणक कोणती, तेच विचारत होते. पण आप्पा, आवाज पोटातून निघतो. ती फळी जेमतेम अडीच-तीन मिलिमीटर जाडीची आणि तिच्यावर सहा तारांची ओढ ७० किलोंच्या वर. आतून फुलीसारख्या बसवलेल्या पट्ट्या तो भार पेलतात. ही रीत १८४० च्या दशकातली, अजून चालू आहे. पोटाने थरथरायचं, म्हणून ते एकसंध आणि पातळ. पाठीने तग धरायचा, म्हणून ती थरांची. उभ्या-आडव्या रेषांचे थर एकमेकांना धरून ठेवतात, हवा बदलली तरी सहसा तडकत नाहीत.

अख्ख्या शिसवी पाठीची एक महागडी गिटारही वाजवून बघितली. आवाज जास्त भरदार होता, खोटं कशाला बोलू. पण इथल्या हिवाळ्यात मला तिची रोज धास्ती वाटली असती. शिसव हिच्यातही आहे, बोटांखालच्या पट्टीला. आपल्या देव्हाऱ्याचा रंग आहे तिला.

हिवाळ्याचं तर सांगायलाच हवं. बाहेर उणे २०, आत हीटर. खोलीतली हवा इतकी कोरडी होते की आर्द्रता २० टक्क्यांवर येते, आणि गिटारीला लागते ४५ ते ५०. जानेवारीत एका रात्री मानेवरून हात सरकवला तर काहीतरी बोचलं. दिव्याखाली धरली. बोटांखालच्या पट्टीत आडवे बसवलेले धातूचे पडदे असतात, त्यांची टोकं करवतीच्या दातांसारखी बाहेर आली होती. धातू होता तेवढाच राहिला, खालची शिसव आकसली. मला रडूच आलं.

दुसऱ्या दिवशी दुरुस्ती करणाऱ्या एका म्हाताऱ्या गृहस्थांकडे नेली. म्हटलं, टोकं घासून द्या. त्यांनी कानस हातात घेतलीच नाही. म्हणाले, आधी हिची तहान भागव, मग बघू.

आप्पा, मी तिथेच उभी राहिले हो. श्रावणात दार अडकलं की लोक तुम्हाला रंधा घेऊन बोलवायचे आणि तुम्ही त्यांना परत पाठवायचात. "दिवाळी होऊ द्या, आपोआप सैल होईल. आत्ता तासलं तर उन्हाळ्यात फट पडेल." किती गिऱ्हाइकं नाराज व्हायची तेव्हा! आई चिडायची की हातातलं काम घालवता म्हणून. ते सगळं त्या दुकानात आठवलं.

आता गिटार भिंतीला टांगत नाही, खोक्यात ठेवते. साबणाच्या डबीला भोकं पाडली, आत ओला करून घट्ट पिळलेला स्पंज. पाणी ठिबकता कामा नये, नाहीतर लाकूड फुगेल. दर दोन दिवसांनी भिजवते. शेजारी आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र, सकाळी उठल्यावर आधी ते बघते. तीन आठवड्यांत टोकं जवळजवळ सगळी आत गेली. एक अजून लागतं, पण ते मी घासू देणार नाही. मे महिन्यापर्यंत थांबते.

पोटावर माझ्या अंगठ्याने एक चरा पडलाय. त्यावर काही लावू का, की तसाच राहू देऊ? तुम्ही सांगाल तसं करेन.

रविवारी फोन कराल तेव्हा पेटी जवळ ठेवा. तुमची पट्टी काळी दोन. मी पहिल्या पडद्यावर कॅपो, म्हणजे तारा दाबून धरणारा चिमटा, लावून ठेवते, म्हणजे बरोबर तुमच्या सा ला येईल. आईला म्हणावं, टाळ तिने घ्यायचे.

तुमची,
मनू