अफवा नागपूरच्या इतवारीत पोहोचते तेव्हा पत्रक मुंबईतच असतं

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

दहाची नाणी दुकानदार घेत नाहीत अशी एका वाचकाची तक्रार तुम्ही मागच्या आठवड्यात छापली आणि खाली ओळ टाकली की रिझर्व्ह बँकेनं याचा खुलासा करावा. साहेब, खुलासा कधीचाच झालाय. जानेवारी 2018 मध्ये पत्रक निघालं, तोवर दहाच्या नाण्याची 14 डिझाईन आली होती आणि ती सगळीच्या सगळी चालतात असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं, शिवाय 14440 ला मिस्ड कॉल द्या म्हणजे फोनवरच माहिती मिळेल असे एसएमएस पण लोकांना गेले. तरी आपल्या नागपुरातल्या सक्करदऱ्याच्या बाजारात आजही ऐकायला मिळतं, "हे नाही चालत काका, बँकवाले घेऊन नाही राहिले."

मी रिझर्व्ह बँकेत नोकरी केली, बरीच वर्षं, आणि त्यातला मोठा काळ प्रेसच्या कामात गेला, आधी मुंबईला सेंट्रल ऑफिसात आणि मग इथे नागपुरात. नातेवाईकांना हे शेवटपर्यंत समजलं नाही, लग्नात भेटले की कोऱ्या नोटांचं बंडल मिळेल का एवढंच विचारायचे. रिझर्व्ह बँकेत पेपरवाल्यांशी बोलायची पण नोकरी असते हे कोणाला पटतच नाही. आणि तसं बघितलं तर त्यांचंही चूक नाही, कारण त्या नोकरीत काय बोलायचं नाही हे शिकण्यातच पहिली काही वर्षं जातात.

मी नोकरीला लागलो तेव्हा पतधोरण (व्याजदर वगैरे ठरवणारं रिझर्व्ह बँकेचं धोरण) वर्षातून दोनदा यायचं, एप्रिलमधलं मंद हंगामाचं आणि ऑक्टोबरमधलं तेजीच्या हंगामाचं, ऑफिसात आम्ही सरळ स्लॅक सीझन आणि बिझी सीझन म्हणायचो. बिझी कशानं, तर कापूस, धान बाजारात यायचा आणि व्यापाऱ्याला पैसा लागायचा, म्हणजे आपल्या विदर्भाच्या माणसाला हे वेगळं सांगायलाच नको. पत्रकं फॅक्सनं जायची, वेबसाईट 1996 मध्ये आली. पुढे 2005 पासून धोरणाचा आढावा दर तीन महिन्यांनी सुरू झाला, 2014 पासून दर दोन महिन्यांनी, आणि ऑक्टोबर 2016 पासून सहा जणांची समिती मत देऊन व्याजदर ठरवते, कोणी काय मत दिलं आणि का दिलं तेसुद्धा बैठकीनंतर चौदाव्या दिवशी जाहीर होतं. आता तर गव्हर्नर सकाळी 10 वाजता यूट्यूबवर लाईव्ह असतात. ज्या संस्थेत शिपायाला पण "वर विचारून सांगतो" म्हणायची सवय होती तिथे हा बदल लहान नाही, हे मी आतून पाहिलंय म्हणून सांगतो.

पत्रक बाहेर जायच्या आधी आम्ही दोघं बसायचो, एकानं मोठ्यानं वाचायचं आणि दुसऱ्यानं मूळ कागदावर बोट ठेवून आकडा आकडा टिक करत जायचं. 0.25 टक्क्याचा पॉइंट चुकून पडला तर काय होईल या धास्तीनं चहा गार व्हायचा. कॉमा इकडचा तिकडे झाला तरी साहेब परत बोलवायचे. आणि ही सगळी मेहनत कोणासाठी, तर मुख्यतः मुंबईत स्क्रीनसमोर बसलेल्या बाँड डीलरसाठी (म्हणजे कर्जरोख्यांची खरेदी-विक्री करणाऱ्यासाठी), तो ते पत्रक दोन मिनिटांत वाचतो आणि त्यावर कोट्यवधींचा सौदा करतो. इतवारीतल्या माणसासाठी जे पत्रक निघतं त्याच्यावर एवढी मेहनत होत नाही, माझा सगळा राग इथेच आहे.

सहकारी बँकेचं उदाहरण घ्या. एखादी बँक अडचणीत आली की रिझर्व्ह बँक बँकिंग नियमन कायद्याच्या कलम 35अ खाली पैसे काढण्यावर वगैरे निर्बंध घालते, साधारण सहा महिन्यांसाठी, आणि पत्रकात शेवटी एक ठरलेलं वाक्य असतं की याचा अर्थ बँकेचं लायसन रद्द झालं असा घेऊ नये. हे वाक्य आम्ही किती वेळा पाठवलं असेल देव जाणे. दुसऱ्या दिवशी पेपरात मथळा काय, तर "बँकेला टाळं". आणि सकाळी 7 वाजता शटरसमोर म्हातारी माणसं पासबुक घेऊन उभी. आमच्या वस्तीतल्या एक मावशी, नवरा गेल्यावर आलेले सगळे पैसे एकाच बँकेत एफडीत ठेवलेल्या, त्या दिवशी माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, गेले का जी माझे पैसे?" मी त्यांना वहीच्या कागदावर लिहून दिलं की ठेवीवर 5 लाखांपर्यंत विमा आहे (फेब्रुवारी 2020 च्या आधी 1 लाखच होता), मुद्दल आणि व्याज मिळून 5 लाख, एका बँकेतल्या तुमच्या नावाच्या सगळ्या शाखांमधले पैसे एकत्र धरून, प्रीमियम बँक भरते, तुम्हाला काही द्यावं लागत नाही, आणि सप्टेंबर 2021 पासून कायदा असा आहे की निर्बंध लागले की 90 दिवसांत विम्याचे पैसे मिळायला पाहिजेत, फक्त बँक सांगेल तेव्हा संमतीपत्र आणि खात्याची कागदपत्रं द्यायची. मावशींनी तो कागद घडी करून बटव्यात ठेवला. आता मला सांगा, हे पत्रकाच्या पहिल्या ओळीत का नको? आणि पत्रकात खाली असेल तर तुमच्या बातमीत पहिल्या पॅऱ्यात का नको? दोघांनीही जागा ठेवायची ती टाळ्यासाठी.

नोटबंदीत तर विचारूच नका. 8 नोव्हेंबर 2016 च्या रात्रीनंतर परिपत्रकांचा पाऊस पडला, काउंटरवर नोटा बदलून मिळायची मर्यादा आधी 4000, मग 4500, मग 18 तारखेपासून 2000, तुमच्यासारख्यांचे पेपर रात्री छापून झालेले असायचे आणि सकाळी रांगेतला माणूस कालचा आकडा बोटानं दाखवून कॅशियरशी भांडायचा. पेपरवाल्यांचा दोष नव्हता, कॅशियरचा तर नव्हताच.

आता थोडं तुमच्या बाजूला येतो, राग मानू नका. "रिझर्व्ह बँकेच्या सूत्रांनुसार" असं जे छापता ते सूत्र मला आयुष्यभरात सापडलं नाही. धोरणाच्या आधी सात दिवस आणि नंतर सात दिवस समितीच्या सभासदांना बाहेर बोलायची बंदी असते, त्याच दिवसांत ही सूत्रं सगळ्यात जास्त बोलतात, मोठी गंमत आहे. आणि रेपो (रिझर्व्ह बँक ज्या दरानं बँकांना उसने पैसे देते तो) कमी झाला की "गृहकर्ज स्वस्त" हा मथळा तयारच. अहो, रेपोला जोडलेलं फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या दराचं कर्ज असेल तर हप्ता किंवा मुदत कमी होईल, तेही बँक दर बदलते त्या रिसेटच्या तारखेला, फिक्स्ड असेल तर काहीच नाही. मार्च 2020 मध्ये हप्ते तीन महिने पुढे ढकलायची सवलत आली तेव्हा अर्ध्या नागपूरला वाटलं हप्ते माफ झाले, व्याज चालू राहणार हे पत्रकात होतं पण बातमीत शेवटून दुसऱ्या ओळीत.

म्हणून मला दोन्हीकडे सांगायचंय. रिझर्व्ह बँकेनं प्रत्येक प्रादेशिक ऑफिसात असा एक माणूस ठेवावा की ज्याला ठरलेल्या गोष्टी, नाणी, फाटक्या नोटा, स्टारवाल्या नोटा (नंबरात * चिन्ह असलेल्या, त्या 2006 पासून चलनात आहेत, तरी 2023 मध्ये व्हॉट्सअॅपनं त्या नकली ठरवल्या होत्या), ठेवीचा विमा, एवढं मराठीत, कॅमेऱ्यासमोर, मुंबईला न विचारता बोलायची परवानगी असेल. व्याजदराबद्दल त्यानं तोंड उघडू नये, ते बरोबरच आहे. पण दहाचं नाणं चालतं हे सांगायला काय गुपित फुटतंय? नागपूरचं ऑफिस भर चौकात आहे, चौकाचं नाव संविधान चौक झालं तरी ऑटोवाला आजही आरबीआय चौकच म्हणतो, एवढ्या ओळखीच्या इमारतीतून एक ओळखीचा आवाज यायला हरकत नसावी. मास कॉम शिकणाऱ्या आपल्या पोरांसाठी पण ते चांगलं काम आहे, अर्थशास्त्र थोडं वाचावं लागेल आणि संयम भरपूर, बाकी पगार वेळेवर होतो.

आणि तुम्ही अफवा ज्या पानावर छापली त्याच पानावर खुलासा छापा. नवव्या पानावर टेंडर नोटिशीच्या बाजूला नको.

पत्र लांबलंय हे कळतंय मला. कापायचंच असेल तर नोटबंदीचा पॅरा कापा, पाच लाखांचा राहू द्या.

आपला,
एक निवृत्त बँक अधिकारी,
त्रिमूर्तीनगर, नागपूर