सानिका, तुझा तानपुरा सांगून आले

चि. सानिकास,
अनेक आशीर्वाद.

मिरजेला जाऊन तुझा तानपुरा सांगून आले, थोडे पैसेही दिले. "आई, ऑनलाइन फोटो बघून मागवता येतो की," असं तू म्हणालीस. त्याचं उत्तर फोनवर मला नीट देता आलं नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

मी दुकानात शिरताच किंमत विचारली. ती सांगायच्या आधी तिथल्या कारागिरांनी मलाच विचारलं, "मुलगी कुठल्या पट्टीत गाते?" मी काळी चार म्हटलं, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी तुझा षड्ज. मग खर्जात, म्हणजे खालच्या स्वरांत, किती उतरते, आवाज भरीव की बारीक, जवारी (तारेचा गुंजणारा नाद) उघडी आवडते की बंद, एकटी रियाज करते की शिकवतेही, असे प्रश्न. तुझा गेल्या दिवाळीतला यमन मोबाइलवर होता, तो ऐकवला. पूर्ण ऐकला त्यांनी, मध्ये गिऱ्हाईक आलं तरी त्याला थांबवून. तानपुऱ्याचा खालचा गोल भाग भोपळ्याचा असतो. मग आतल्या खोलीत टांगलेल्या भोपळ्यांपैकी तीन-चार काढून बोटाच्या पेराने वाजवून पाहिले आणि एक बाजूला ठेवला. बायकांच्या पट्टीच्या तानपुऱ्याला भोपळा लहान लागतो. त्या लहानांतलाही नेमका तुझ्या आवाजाजोगा कुठला, हे ठरवणारं माणूस कुठल्या वेबसाइटवर भेटणार, सांग.

हा भोपळा आपल्या भाजीतला नव्हे. चवीला कडू, त्यामुळे खाण्याच्या कामाचा नाही, पण साल जाड आणि टणक. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे भीमाकाठचे शेतकरी तो वाद्यांसाठीच लावतात. फळ वेलावर असतानाच जमिनीवर सरळ बसवावं लागतं. एका कुशीवर कललं की आकार बिघडला. नंतर कित्येक महिने वाळवण. मिरजेत आल्यावर तो पाण्यात भिजवायचा, वरून कापायचा, गर-बिया खरवडून काढायच्या आणि आतून बांबूच्या काड्यांचे ताण द्यायचे, म्हणजे वाळताना तोंड हवं तसं रुंद राहतं. अवकाळी पावसाने वेल गेले की इथल्या कारागिरांचं वर्ष अडतं. आपण मैफलीत तानपुरा ऐकतो तेव्हा त्या शेतकऱ्याची आठवण कुणालाच होत नाही, याचं मला त्या दिवशी फार वाईट वाटलं.

गळा आणि दांडी तूनच्या लाकडाची. भोपळ्यावर बसते ती तबली. तिची जाडी कमी-जास्त झाली तर नाद बदलतो, म्हणून तासताना मधेमधे टिचकी मारून ऐकत राहतात. नक्षी, पॉलिश हे सगळं सुरेख असतंच, पण त्यावर मी फार लिहीत नाही.

या घराण्यांचा मूळ धंदा शस्त्रांचा होता हे तुला सांगितल्याचं आठवत नाही. तलवारी घडवणारे, त्यांना धार लावणारे हे शिकलगार. इंग्रजी अमलात ते काम बसत गेलं. १८५० च्या सुमारास फरीदसाहेब शिकलगारांनी मिरजेत वाद्यं करायला सुरुवात केली आणि पुढच्या पिढ्यांत सितारमेकर हेच आडनाव होऊन बसलं. हातात कसब आधीपासून होतं, पण माझ्या मते तेवढ्याने काही झालं नसतं. गावात ऐकणारे आणि गाणारे होते म्हणून हे घडलं. इथल्या पटवर्धन संस्थानिकांनी गवयांना आश्रय दिला. विष्णु दिगंबर पलुस्कर मिरजेतच बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकले आणि पुढे १९०१ मध्ये त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. किराणा घराण्याचे गवई अब्दुल करीम खाँसाहेब तर मिरजेचेच झाले. १९३७ साली ते गेले, आणि त्यांची कबर इथे मीरासाहेबांच्या दर्ग्यात आहे. उरुसात अजूनही तिथे गायक-वादक हजेरी लावतात. असा सूर कानावर पडत असलेल्या गावात वाईट वाद्य करून चालत नाही. गवई दुकानात येऊन तास-तास बसायचे, हे असं नको, आणखी जरा गोल हवं, म्हणून सांगायचे, आणि कारागीर तेच पुन्हा करायचे. आजचा मिरजेचा तानपुरा अशा मागण्यांतून घडलाय.

जवारीचं काम मी खूप वेळ पाहत बसले. तारा जिच्यावरून जातात ती घोडी वरून सपाट दिसते, पण ती किंचित उतरती असते. तार तिच्यावर एका टोकाशी टेकत नाही, पृष्ठभागाला हलकी घासत जाते, आणि त्यातून ते सगळे वरचे स्वर फुटतात. कानशीने एक-दोन वेळा ओढायचं, तार चढवायची, छेडायची, मान हलवायची, तार उतरवून परत घासायचं. चिमटीभर जास्त घासलं गेलं तर नाद बसतो आणि मग पृष्ठभाग पहिल्यापासून करायचा. शेवटी तारेखाली सुताचा दोरा सरकवत नेतात. केसाएवढ्या फरकाने आवाज उघडतो किंवा मिटतो. इथे माप घ्यायला यंत्र नाही. त्यांचा पुतण्या लाकूडकाम, पॉलिश सगळं करतो, जवारी मात्र अजून काकाच काढतात. पुतण्या शेजारी बसून नुसतं ऐकतो. त्यालाही शिकणंच म्हणतात तिथे.

मी विचारलं, "रोज तेच काम, मन कसं लागतं?" ते म्हणाले, "तेच कुठं? प्रत्येक गळा वेगळा." नंतर खर्जाची तार छेडून त्यांनी मला हाताने थांबायची खूण केली. नाद विरत गेला तसा त्यातून गंधार, म्हणजे 'ग', वर आला, अगदी स्पष्ट. गंधाराची तार तिथे नाहीच, चारही तारा पंचम आणि षड्जाच्या. हा स्वयंभू गंधार मी लग्नाआधी शिकत होते तेव्हा ऐकला होता, त्यानंतर इतका स्वच्छ आताच. जन्म त्या कामात घालवूनही तो गंधार आला की ते हसतात. त्यांना काम करायला काय लावतं, याचं मला तेवढं उत्तर पुरलं.

आता तुझ्या मोबाइलवरच्या तानपुऱ्याच्या ॲपबद्दल. ते सोयीचं आहे, प्रवासात जरूर वापर. पण ते कधी उतरत नाही, आणि रियाजाला बसणाऱ्या मुलीसाठी हीच त्याची उणीव आहे असं मी म्हणेन. तानपुरा हवेने उतरतो, मग तो जुळवावा लागतो, आणि जुळवताना कान जागा होतो. तुझ्या वयाची मुलं ही पायरीच गाळून गायला लागली आहेत, त्याची मला काळजी वाटते.

२०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. मला आनंद झाला, त्यांनाही आहे. पण त्या गल्लीतली पुढची पोरं दुसरीकडे नोकऱ्या बघतायत, आणि त्यांना तिथे थांबवायचं तर वाद्यं सांगणारे हवेत. तुझ्या टोरांटोच्या क्लासमधल्या कुणाला हवा असेल तर आधी माझ्याशी बोलायला सांग, मी नेईन दुकानात.

आता कामाचं. पूर्वी घोड्या हस्तिदंताच्या असत, त्यावर बंदी आली. हाडाचीही मिळते, पण विमानतळावर कटकट नको म्हणून मी शिसवीची सांगितली आहे. तिकडे थंडीत घरात हीटर चालतो आणि हवा कोरडी होते, त्याने भोपळा आणि सांधे उकलू शकतात. तेव्हा हीटरजवळ ठेवायचा नाही आणि खोलीत ओलावा राहील असं बघायचं. प्रवासासाठी फायबरची पेटी वेगळी घ्यावी लागेल, त्याचे पैसे बाबा देणार आहेत. कोरीव पानं मी अगदी थोडी ठेवायला सांगितली, तुला भरगच्च आवडत नाही म्हणून.

मी काळी चार सांगितली खरी, पण तू हल्ली पांढरी पाचला उतरतेस असं परवा वाटलं. तुझ्या गाण्याच्या ताईंना विचारून रविवारच्या आत कळव. सोमवारी ते दांडीचं माप धरणार आहेत.

तुझी,
आई