पेपरात निकाल येतो, मॅच कधी होती ते येत नाही

संपादक साहेब,

नमस्कार. पेपरला पत्र लिहायची पहिलीच वेळ आहे, मोबाईलवर टाईप करतोय, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

मागच्या आठवड्यात तुमच्या वाचकांच्या सदरात एका काकांचं पत्र आलेलं, की आजची कॉलेजची पोरं मॅच बघण्यात आयुष्य घालवतात, कोण कुठला जिंकतो आणि ही इथं नाचतात, ह्यांना त्यातून मिळतं काय. आमच्या रूमवर ते मोठ्यानं वाचून झालं आणि सगळे काकांवर तुटून पडले, मी पण पडलो. पण रात्री झोपताना ते डोक्यात बसलं, कारण मी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे, सहावं सेमिस्टर चालू झालंय, फेब्रुवारीत टी-ट्वेंटी वर्ल्ड कप, त्याला लागूनच आयपीएल आणि त्यातच आमची परीक्षा, आणि आयुष्यात पहिल्यांदा मॅचचं वेळापत्रक बघून आनंद व्हायच्या ऐवजी पोटात गोळा आला. मग हिशोबाला बसलो. कॉमर्सचा आहे, तेवढं जमतं. आयपीएलच्या एका सीझनला ७४ मॅच, एक मॅच साडेतीन तासाची धरली तर २५९ तास. सगळ्या बघत नाही म्हणा, पण आरसीबीची, म्हणजे बेंगळुरूच्या टीमची, एक सोडत नाही आणि बाकीच्या "नुसती लावून ठेव रे" म्हणत म्हणत बघून होतातच. तेवढ्या तासात कॉस्ट अकाउंटिंग दोनदा निघालं असतं. (एकदाही निघालं नाही, बॅक आहे, पेपर परत द्यायचाय.)

आरसीबीच का, असं पुण्याची पोरं विचारतात. त्यांना काय सांगायचं, आम्हाला मिरज संपली, म्हैसाळ गेलं, की कागवाडला कर्नाटकच चालू होतं. आमच्या रूमवर पाच जण, त्यातले तीन आरसीबीवाले. बाकीच्या दोघांपैकी एक जतचा, त्याला आम्ही जतकर म्हणतो, तो कबड्डीवाला, क्रिकेटमध्ये त्याला टीमच नाही, आणि दुसरा आटपाडीकर, तो जो जिंकेल त्याचा.

काकांना आमचं सगळ्यात वाईट माहीतच नाही, ते मीच सांगतो. १९ नोव्हेंबर २०२३, फर्स्ट इयर, भाऊबीज झाल्या झाल्या आम्ही फक्त वर्ल्ड कपच्या फायनलसाठी घरनं पळून रूमवर आलो होतो. ऑस्ट्रेलियाच्या ट्रॅव्हिस हेडनं १३७ मारले आणि आपण हरलो, ते सगळ्यांना माहिती आहे. पण मोबाईलवर पैसे लावायची गेम असते, त्यात खऱ्या खेळाडूंची आपली टीम बनवायची आणि ते खेळतील तसे पॉइंट मिळतात, त्यात आमच्यातल्या एकानं हेडलाच कॅप्टन केलेलं. कॅप्टनला डबल पॉइंट. हेड मारत होता आणि ह्याचा नंबर वर चढत होता आणि हा तोंड पाडून बसलेला, हसता पण येईना आणि रडता पण येईना. त्याला सहाशे साडेसहाशे रुपये मिळाले. दुसऱ्या दिवशी त्यानं सगळ्यांसाठी मिसळ सांगितली तर कुणी हात लावेना, शेवटी जतकर म्हणाला, "मिसळीचा काय दोष आहे लगा," आणि दोन प्लेट एकट्यानं संपवल्या.

आम्ही त्याला गद्दार म्हणालो, पण पुढच्या सीझनला मी पण लावायला लागलो, ४९ रुपये, ४९ रुपये, वाटतं त्यात काय. आणि मग एक दिवस लक्षात आलं की आरसीबीची मॅच चालू आहे आणि आरसीबीच्याच बॉलरला सिक्स बसावा असं मला वाटतंय कारण मारणारा माझ्या टीममध्ये आहे. म्हणजे ज्या टीमसाठी मी शाळेतल्या मित्राशी चार महिने बोललो नाही, तिच्याच पराभवावर माझे पैसे. त्या महिन्यात मेसचे २२०० रुपये गेले आणि घरी सांगितलं की मेसनं रेट वाढवलाय. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्र सरकारनं कायदा करून हे पैशाचे ऑनलाईन गेम बंद केले तेव्हा रूमवर सगळे सरकारला शिव्या देत होते, मी पण देत होतो, पण आतून मला एकदम हलकं वाटलं. हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही, पेपरलाच पहिल्यांदा.

तर ३ जून २०२५ ची रात्र. आमचे पेपर लांबलेले म्हणून आम्ही सगळे रूमवरच होतो. आरसीबी १८ व्या सीझनला पहिल्यांदा आयपीएल जिंकली, पंजाबला ६ रननी हरवून, आणि शेवटच्या ओव्हरला कोहली मैदानातच रडायला लागला तसे आम्ही पण. विश्रामबागच्या चौकात एका गाडीवर तिघे तिघे, घसा बसेपर्यंत ओरडलो. दीड वाजता आमच्यातला एक म्हणाला चला, आत्ता निघालो तर दुपारपर्यंत बेंगळुरू, ट्रॉफी बघूनच येऊ. मनापासून सांगतो, आम्ही निघालो असतो. पेट्रोलला पैसे नव्हते म्हणून राहिलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चिन्नास्वामी स्टेडियमच्या बाहेर चेंगराचेंगरी झाली, अकरा माणसं गेली, बरीचशी आमच्याच वयाची. आमचा ग्रुप, ज्यात आदल्या रात्रीपासून हजारभर मेसेज पडलेले, तो एकदम गप्प झाला. रात्री आईचा फोन आला, कुठं आहेस, म्हटलं रूमवर, म्हणाली बरं, आणि ठेवला. तिनं टीव्ही बघितला असणार. मी आरसीबीचा आहे हे तिला माहिती होतं हे मला तेव्हा कळलं.

त्यानंतर काही मी मॅच बघायच्या सोडल्या नाहीत, उगाच खोटं कशाला बोलू. पण बघताना मन थोडं बाजूला राहायला लागलं. आणि इकडं तिकडं बघायला लागलो तेव्हा माझीच मला लाज वाटायला लागली. विजय हजारे ट्रॉफीचे स्कोअर मी पाचवीपासून बघतोय. ते विजय हजारे सांगलीत जन्मले, १९१५ साली, आणि भारतानं पहिली टेस्ट जिंकली, १९५२ ला मद्रासला इंग्लंडच्या विरुद्ध, तेव्हा कॅप्टन तेच होते, हे मला थर्ड इयरला कळलं, ते पण कॉलेजच्या क्विझमध्ये उत्तर चुकल्यावर. कोहलीचा कुठल्या ग्राउंडवर किती अ‍ॅव्हरेज आहे ते झोपेत उठवून विचारा.

आटपाडीकरचं तर त्याहून वाईट. सप्टेंबर २०२४ ला तो एका कोपऱ्यात इयरफोन घालून एकटाच मोबाईल बघत बसलेला. काय बघतोस म्हटलं तर म्हणाला, आमच्या करगणीचा गोळा टाकतोय, पॅरिसला. ते सचिन खिलारी, पॅरालिम्पिकमध्ये १६.३२ मीटर टाकून सिल्व्हर घेतलं. आटपाडीकर उठून नाचायला लागला, आम्ही भारी भारी म्हणालो आणि परत आपापल्या रील्समध्ये घुसलो. बिचारा एकटाच नाचला. जो जिंकेल त्याचा म्हणून आम्ही ज्याला हसायचो त्याची पण एक टीम होती, आम्ही कधी विचारलंच नव्हतं.

२ नोव्हेंबर २०२५ ला मात्र मी घरी होतो, तासगावजवळ आमचं गाव. महिला वर्ल्ड कपची फायनल, रविवार, नवी मुंबईत पाऊस पडलेला म्हणून मॅच उशिरा चालू झाली. आई कधी मॅचला बसत नाही. भाकरी झाल्यावर हात पुसत आली आणि म्हणाली, ही माधवनगरची ना? म्हटलं हो, स्मृती मानधना. मग बसली. तुझे आजोबा माधवनगरच्या कॉटन मिलला होते, सायकलवरून जायचे, असं कायकाय सांगत बसली, तिकडं स्मृती आणि शेफालीची शंभरच्या वर ओपनिंग झाली आणि स्मृती ४५ वर आऊट झाली तर आई म्हणाली, "दमली असंल." शेफालीनं ८७ मारले, दीप्ती शर्मानं ५८ मारून वर पाच विकेट काढल्या, आपण ५२ रननी जिंकलो तेव्हा रात्रीचे बारा वाजलेले. सगळं स्टेडियम नाचतंय आणि आई म्हणते, "एवढ्या रात्री ह्या पोरी घरी कशा जाणार आता?" मी हसलो. नंतर बराच वेळ झोप लागली नाही. इतकी वर्षं मी मॅच बघतोय, माझ्या डोक्यात असला प्रश्न एकदा पण आला नव्हता.

आता मूळ मुद्दा, ज्याच्यासाठी हे पत्र.

आमचा जतकर कबड्डीत लेफ्ट कॉर्नरला खेळतो, म्हणजे पकडी करणारा. तीन वर्षं एका खोलीत राहिलो, आरसीबीच्या प्रत्येक मॅचला त्यानं आमच्याबरोबर जागरण केलं, चहाला दूध आणायला तोच खाली जायचा, आणि मी त्याची एक पण मॅच बघितलेली नव्हती. एकदा चार्जर शोधताना त्याची ट्रंक उघडली तर झाकणाच्या आतल्या बाजूला तुमच्या पेपरचं कात्रण चिकटवलेलं. चार ओळी. अमुक कॉलेजनं तमुक कॉलेजला हरवलं, उत्कृष्ट पकडी कोणाच्या, आणि त्याचं नाव. आडनाव चुकलेलं. एक अक्षर चुकलंय साहेब, तरी त्यानं जपून ठेवलंय. मी विचारलं हे कधीचं, तर म्हणाला गेल्या वर्षीचं, तुम्ही त्या दिवशी चेन्नईची जुनी हायलाईट बघत होता.

गेल्या महिन्यात त्याच्या झोनलच्या मॅच होत्या, आमच्या रूमपासून चालत दहा मिनिटावरच्या ग्राउंडवर. मी गेलो. मोजून चाळीस माणसं, त्यातली निम्मी पुढच्या मॅचच्या टीमची, बूट घालत बसलेली. कबड्डी टीव्हीवर बघणं आणि लाईनच्या बाहेर तीन फुटावर उभं राहून बघणं ह्यात लय फरक आहे, टीव्हीवर श्वास ऐकू येत नाही. मॅटवर गुडघा आपटला की तो आवाज आपल्याच पायात येतो. शेवटची दोन मिनिटं, आमची टीम एकनं मागं, समोरच्यांची डू ऑर डाय रेड, म्हणजे पॉइंट आणला नाही तर रेडरच आऊट, आणि जतकरनं घोटा धरला. धरला म्हणजे लोंबकळलाच. तो रेडर त्याला घेऊन फरफटत मध्यरेषेपर्यंत आला आणि बोटाचं टोक टेकवलं. गेला पॉइंट. दोननं हरलो. मी इतका ओरडत होतो की घसा फाटला, आणि बाकी कुणीच ओरडत नव्हतं म्हणून सगळं ग्राउंड माझ्याकडं बघत होतं. नंतर जतकर पायाला बर्फ लावत म्हणाला, "गप बसायचं की रे, पंच बघत होते." पण रात्री मेसवर त्यानं माझ्या ताटात त्याचं अंडं टाकलं, काही न बोलता.

ती त्याची कॉलेजची शेवटची मॅच. आता तो पोलीस भरतीच्या मागं आहे, पहाटे उठून १६०० मीटर पळतो. पाय बरा झाला की अजून जोरात पळेल.

आमचे आजोबा कुंडलच्या कुस्तीच्या मैदानाला चालत जायचे. कवठेपिरानच्या हिंदकेसरी मारुती मान्यांच्या गोष्टी ते अशा सांगायचे की जणू शेजारचाच माणूस. मला वाटायचं म्हातारा फेकतोय. पण त्यांच्या वेळी पैलवान खरंच दिसायचे, जत्रेत, एसटीत, तालमीच्या दारात. आणि महत्त्वाचं म्हणजे मैदान कधी आहे हे गावोगाव आधीच कळायचं, पंधरा दिवस आधी भिंतीवर पोस्टर लागायचं, हलगीवाला फिरायचा.

माझं म्हणणं एवढंच आहे साहेब. तुम्ही आयपीएलचं पूर्ण वेळापत्रक रंगीत पान करून छापता, आमच्या कपाटाला तेच चिकटवलेलं आहे. पण सांगली-मिरजेत ह्या आठवड्यात कुठल्या ग्राउंडवर कुठली कबड्डी, कुठला खो-खो, कुठल्या गावात कुस्त्या, ते कुठंच आधी येत नाही. निकाल येतो चार ओळीत, तिसऱ्या दिवशी. मॅच होऊन गेल्यावर कळून काय उपयोग? सोमवारच्या अंकात एक छोटी चौकट करा, चार-पाच ओळींची, वार, वेळ, ग्राउंड. कॉलेजच्या जिमखान्याच्या सरांना एक फोन केला तरी माहिती मिळेल, आणि नाहीच मिळाली तर मी गोळा करून आणून देतो, परीक्षा होईपर्यंत इथंच आहे, पुढं पुण्याला जायचं चाललंय. आणि नावं लिहिताना तेवढी आडनावं एकदा विचारून घ्या.

काकांना सांगा की पोरं मॅच बघणार, ती काय सोडत नाहीत. वर्ल्ड कप पण बघणार, मी पण बघणार, बॅकचा पेपर असला तरी. पण काकांना जमत असेल तर त्यांनी पण संध्याकाळी चारला ग्राउंडवर यावं. चाळीसचे एक्केचाळीस होतील.

आपला,
शेवटच्या वर्षाचा एक विद्यार्थी, विश्रामबाग, सांगली

ता.क. नाव छापू नका. आमच्या घरी तुमचाच पेपर येतो आणि त्या २२०० रुपयांचं वडिलांना अजून माहिती नाही.